सुरतेचा तह अजून संपलेला नाही

सुरत म्हटले की सीमाभागातील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या उभ्या राहतात. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात महाराजांनी मोगलांच्या या धनाढ्य बंदरावर चाल केली, ही कथा आमच्या घराघरांत सांगितली जाते आणि ती सांगताना आजोबांचा आवाज अजूनही चढतो. परंतु त्याच सुरतेत पुढे शंभर वर्षांनी मराठी राज्याच्या एका घरभेद्याने परक्यांना एक कागद लिहून दिला, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. विजयाच्या कथा चावडीवर सांगाव्यात आणि लाजेच्या कथा माजघरात झाकून ठेवाव्यात, हा मनुष्यस्वभावच आहे. पण समाजाला शहाणपण येते ते बहुधा दुसऱ्या प्रकारच्या कथांतून. म्हणून आज आम्ही त्या कागदाविषयी लिहिणार आहोत.

निमित्तही तसेच आहे. तो सुरतेचा तह ६ मार्च १७७५ रोजी झाला. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला अडीचशे वर्षे पुरी झाली. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. त्याची अडीचशे वर्षे ४ जुलै २०२६ ला पुरी होतात. दोहोंत अंतर अवघे सोळा महिन्यांचे. एका कागदाने सांगितले की, रयतेला न विचारता तिची भूमी आणि तीवरील माणसे कोणालाही देऊन टाकता येतात. दुसऱ्याने सांगितले की, लोकांच्या संमतीवाचून त्यांच्यावर राज्य करण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. दोन्ही कागदांच्या मुळाशी इंग्रजच होता. सुरतेत देणे घेणारा म्हणून, आणि अमेरिकेत देणे नाकारले गेलेला म्हणून. सीमाभागातल्या माणसाने या दोन कागदांपैकी कोणता आपला मानावा, हे सांगण्याची गरज नाही. सांगण्याची गरज आहे ती वेगळ्याच गोष्टीची: तो दुसरा कागद लिहिणाऱ्यांनी पुढे काय केले, याची.

प्रथम सुरतेचा कागद पाहू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या खुनाचे बालंट काका रघुनाथरावांवर आले. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नीला पुत्र झाला आणि बारभाईंच्या कारभाराने त्या तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालविण्याचे ठरविले. गादी हातची गेलेले राघोबादादा आश्रय शोधीत शोधीत सुरतेला इंग्रजांच्या दारी पोहोचले. मुंबईकर इंग्रजांना असाच अतिथी हवा होता. त्यांची नजर किती तरी वर्षे साष्टी बेटावर आणि वसईवर होती. १७७४ च्या डिसेंबरअखेर तर त्यांनी ठाण्याचा किल्ला तहाची वाट न पाहताच घेतलाही होता. केलेल्या चोरीला आता धन्याची पावती तेवढी हवी होती. ती राघोबादादांनी सुरतेत दिली.

तहाची कलमे सरळ होती. कंपनीने अडीच हजार सैन्य द्यावे. दादांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत आणि त्यापोटी सहा लाखांचे जडजवाहीर गहाण ठेवावे. साष्टी आणि वसई कायमची कंपनीची व्हावी. शिवाय भडोच आणि सुरतेच्या वसुलातला वाटा तिला मिळावा. ही वसई कोणती? जिच्यासाठी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांशी प्राणपणाने झुंज दिली आणि हजारो मावळे धारातीर्थी पडले, तीच. चुलत्याने रक्त सांडून मिळविलेले छत्तीस वर्षांनी पुतण्याने शाईच्या चार थेंबांत देऊन टाकले. आणि साष्टी कोणती? वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत आज जिथे मुंबईची उपनगरे पसरली आहेत, तीच. ज्या मुंबईसाठी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्या मुंबईच्या निम्म्याहून अधिक भूमीचा सौदा सुरतेत झालेला आहे. देणारा तिचा मालक नव्हता, घेणारा तर मुळीच नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते याला. आणि साष्टीतला कुणबी, आगरी, कोळी, वसईचा ख्रिस्ती वाडवळ, यांना कोणी विचारले काय? छे! विचारायचे असते ही कल्पनाच त्या कागदाच्या दोन्ही बाजूंना नव्हती.

नेमक्या त्याच वेळी ही कल्पना सात समुद्रांपलीकडे शस्त्र घेऊन उभी राहत होती. तिला डिवचणारी कंपनीही हीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील वखारींत चहा साठून पडला होता आणि तिची तिजोरी डबघाईला आली होती. तिला सावरण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १७७३ मध्ये कायदा करून तो चहा अमेरिकेतल्या वसाहतींच्या गळ्यात मारण्याची सोय केली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनकरांनी त्या चहाच्या तीनशेहून अधिक पेट्या बंदरात बुडविल्या. बंगालच्या दुष्काळात कंपनीने काय केले, हे त्या लोकांच्या कानावर गेले होते. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी आपल्या देशबांधवांना बजावले की, आशियात माणसांच्या जिवाची पर्वा न करणारी ही मंडळी आता आपल्याकडे वळत आहेत. बंगालच्या चितांचा धूर बोस्टनला दिसला. पण पुण्याच्या वाड्यातल्या सत्तालोभी माणसाला तो दिसला नाही, हे आमचे दुर्दैव.

सुरतेच्या तहानंतर सहा आठवड्यांनी, १९ एप्रिल १७७५ रोजी, लेक्सिंग्टनला अमेरिकन शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेवर बंदुका रोखल्या. त्यानंतर महिन्याभराने, १८ मे रोजी, गुजरातेत अडासच्या मैदानावर कर्नल कीटिंग आणि राघोबा यांच्या फौजेची हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेशी गाठ पडली. अशी ही दोन युद्धे एकाच वसंतात पेटली आणि पुढे एकमेकांत गुंतून गेली. फ्रान्सने १७७८ मध्ये अमेरिकेशी हातमिळवणी केली; त्याआधीच एक फ्रेंच वकील पुण्याच्या दरबारात येऊन बसला होता, आणि त्या धास्तीने इंग्रजांनी राघोबाला पुन्हा पालखीत घातले. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी इंग्रज फौजेला वडगावात कोंडून शरण आणले. पण फेब्रुवारीअखेर कर्नल गॉडार्ड बुंदेलखंडातून सारा मध्य हिंदुस्थान तुडवीत कोठे येऊन पोहोचला? सुरतेला! तिथूनच त्याने अहमदाबाद आणि वसई घेतली. इकडे हैदर अलीने कर्नाटकात इंग्रजांची दाणादाण उडविली, त्याची कीर्ती तिकडे एवढी गेली की १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला त्याचेच नाव दिले गेले. आणि त्या जगव्यापी युद्धाच्या अखेरच्या तोफा जून १७८३ मध्ये आमच्याच देशात, मद्रासेच्या दक्षिणेस कडलूरला, तहाची बातमी येईपर्यंत धडाडत होत्या.

या सगळ्या रक्तपातातून साष्टीच्या रयतेला काय मिळाले? १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई परत आली, राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांचा तनखा मिळाला, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावला जिंकलेल्यांनीही ती सोडविली नाही. राघोबाने साष्टी दिली ती लोभाने, बारभाईंनी सोडली ती नाइलाजाने. पण तिथल्या माणसाच्या दृष्टीने दोहोंत काय फरक पडला?

आता अमेरिकेकडे वळू. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसची फौज शरण गेली आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसच्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले. एका सामान्य जनसमूहाने जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याला सांगितले की आम्हांला विचारल्यावाचून आमच्यावर कर नाही आणि राज्यही नाही. आणि ते खरे करून दाखविले. या पराक्रमापुढे आम्ही आदराने मान लववितो. पण त्याच पॅरिसच्या तहाचे दुसरे एक कलम शाळेच्या पुस्तकात ठळकपणे येत नाही. अ‍ॅपलॅचियन डोंगरापासून मिसिसिपी नदीपर्यंतची अफाट भूमी इंग्लंडने या नव्या राष्ट्राला देऊन टाकली. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, शेती करणारी, आपल्या पंचायती चालविणारी मूळ राष्ट्रे होती: इरोक्वा, चेरोकी, शॉनी आणि इतर. त्यांच्यापैकी एकही माणूस पॅरिसच्या बैठकीत नव्हता. देणारा मालक नव्हता, घेणाराही नव्हता, आणि राहणाऱ्याला विचारले नव्हते. सुरतेचा तह तो हाच! कालपर्यंत जे स्वतः त्याच्या विरुद्ध लढत होते, त्यांनीच तो आठ वर्षांनी दुसऱ्यांच्या माथी मारला.

हे चुकून झाले नाही. ज्या १७७९ साली वडगावचा विजय झाला, त्याच साली वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनने इरोक्वांची सुमारे चाळीस गावे जाळली आणि उभी मक्याची शेते कापून टाकली. ज्या जाहीरनाम्यात सारी माणसे समान जन्मली असे लिहिले, त्याच जाहीरनाम्यात काही ओळींनंतर या मूळ रहिवाशांना रानटी ठरविले आहे. तो लिहिणारा जेफरसन आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचा धनी होता. त्याने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक परिच्छेद घातला होता. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी तोही गाळला गेला. १७८७ च्या राज्यघटनेत तर जनगणतीसाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. ‘गुलाम’ हा शब्द मात्र त्या घटनेत कोठेही येऊ दिला नाही. पाप करावे आणि नाव घेऊ नये, तशातला प्रकार! १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत सुमारे ३९ लाख लोकसंख्येत जवळजवळ ७ लाख माणसे गुलाम होती. म्हणजे स्वतंत्र राष्ट्रात दर सहा माणसांमागे एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता होता.

त्यातली क्रूर थट्टा अशी की, या गुलामांना स्वातंत्र्याचे पहिले आमिष कोणी दाखविले? इंग्रजांच्या राजाने! नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केले की, बंडखोरांचा जो गुलाम राजाच्या सैन्यात येईल तो मुक्त होईल. त्यात करुणा नव्हती, युद्धाचा डाव होता. पण हजारो गुलाम धावत गेले. ज्याच्या पायात बेडी आहे त्याने बेडी तोडणाऱ्याचे गोत्र विचारीत बसावे, अशी अपेक्षा कोण करील? आणि स्त्रिया? मार्च १७७६ मध्ये अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने आपल्या नवऱ्याला पत्र लिहून बजावले होते की, नवे कायदे करताना स्त्रियांना विसरू नका. नवऱ्याने ते हसण्यावारी नेले. राष्ट्रीय घटनेने स्त्रियांच्या मताधिकाराला संरक्षण दिले ते १९२० मध्ये. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये. आणि काळ्या माणसाचे मत पेटीत खरोखर पडावे म्हणून कायदा करावा लागला तो १९६५ मध्ये. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मराठी आहे खरी. पण वृत्ती जगाची आहे.

मग तो जाहीरनामा खोटा म्हणावयाचा काय? आम्हांला तसे वाटत नाही. शब्द लिहिणाऱ्याच्या हाताबाहेर जातात, हेच शब्दांचे बळ आहे. ‘सारी माणसे’ असे एकदा लिहिले की, ज्याला त्यातून वगळले आहे तो माणूस केव्हा ना केव्हा तो कागद हाती घेऊन दारात उभा राहतोच. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून पळालेला मनुष्य १८५२ च्या जुलैत तसाच उभा राहिला आणि तुमच्या या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा संबंध काय, असा सवाल त्याने गोऱ्या श्रोत्यांपुढे टाकला. शेवटी १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात लाखो माणसे मेली तेव्हा कोठे ती गुलामगिरी कायद्याने संपली.

या युद्धाचा हिशेब पुन्हा सुरतेच्या दारात येतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना पश्चिम हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागला. तो खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो वा धारवाडचा, तिकडे त्याला नाव एकच, ‘सुरती’. त्याचा धागा आखूड, वारंवार तुटणारा. तिथला विणकर त्याच्या नावाने बोटे मोडी. मुंबईचे सटोडिये त्या भावावर गबर झाले आणि १८६५ मध्ये कोसळले. परंतु डिसेंबर १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या उपाशी कामगारांनी सभा भरवून अब्राहम लिंकनला पत्र लिहिले की, आमच्या चुली थंड असल्या तरी आम्ही तुमच्या, गुलाममुक्तीच्या बाजूचे आहोत. लिंकनने जानेवारीत त्यांना कृतज्ञतेचे उत्तर धाडले. ज्याला स्वतःला मताचा अधिकार नव्हता, त्या कामगाराला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत कळली होती. ती जेफरसनला पूर्णपणे कळली नव्हती.

आणि ती आमच्या पुण्यात एका माणसाला कळली होती. थॉमस पेनच्या पुस्तकाने ज्याचे तारुण्य पेटले, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत आमच्यासाठी चपराक होती. पेशवाईचे गोडवे गाणाऱ्यांना जोतीरावांनी विचारले की, त्या राज्यात अतिशूद्र कोणत्या अवस्थेत होता? कुणबिणी विकल्या आणि विकत घेतल्या जात होत्या की नाही? वसई राघोबाने दिली हे दुःख खरे. पण वसई राखणाऱ्या राज्यातही ज्याची सावली नको होती, त्या माणसाचे त्या वसईत काय होते? हा प्रश्न मराठी माणसाने स्वतःला विचारला पाहिजे. अमेरिकेच्या डोळ्यातले कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातले मुसळ झाकणे आम्हांला शोभणार नाही.

आता आमच्या दाराकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, हल्याळपासून बिदर, भालकीपर्यंतचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. त्यापूर्वीच, १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगावच्या रस्त्यावर गोळीबारात आमची माणसे पडली होती. त्यांचा गुन्हा एवढाच की, आम्हांला विचारा, असे ते म्हणत होते. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ च्या अहवालात बेळगाव नाकारले, पण निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. ती गावेही जिथल्या तिथेच राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यालाही वीस वर्षे उलटून गेली. दरम्यान तीन पिढ्या काळा दिवस पाळीत आल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगावचे नावही सरकारी कागदावर बदलून ‘बेळगावी’ झाले.

येथे आम्ही अतिशयोक्ती करणार नाही. कर्नाटक सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हे. आम्हांला मत आहे, न्यायालय आहे, राज्यघटना आहे. ज्या दिवशी आम्हांला म्हैसूरमध्ये घातले, त्याच दिवशी घटनेत ३५० अ हे कलमही आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचे बंधन राज्यावर पडले. पण हे सगळे आहे म्हणूनच आमचा प्रश्न अधिक टोकदार होतो. राघोबाच्या काळी रयतेला विचारण्याची रीतच नव्हती. ज्या प्रजासत्ताकात सरपंचसुद्धा विचारून निवडतात, तिथे एक गाव कोणत्या राज्यात नांदावे हे मात्र त्या गावाला विचारायचे नाही, याला काय म्हणावे? शहाणे लोक आम्हांला समजावतात की, देश एकच आहे, सीमा इकडे काय आणि तिकडे काय! ठीक आहे. फरक पडतच नसेल, तर विचारायला भीती कशाची?

महाराष्ट्र एकीकरण समितीने मागितले ते याहून अधिक काही नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा, ही ती चतुःसूत्री. आमच्या मते या चारांत शेवटचे सूत्र पहिले आहे. बाकीची तीन त्याची मोजमापे आहेत. आणि अमेरिकेचा इतिहास आम्हांला सांगतो की, लोकेच्छा ही दुधारी तलवार आहे. ती आम्ही बेळगावसाठी उपसली, तर जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नड गावासाठी म्यान करता येणार नाही. तिथला कन्नड शेतकरी उद्या म्हणाला की, मलाही विचारा, तर ‘त्याचे काय एवढे’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. तसे म्हटले त्या क्षणी आमच्या हातातला कागद ४ जुलैचा राहणार नाही, ६ मार्चचा होईल. आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही आणि कन्नड माणसाशी तर नाहीच नाही. तो आमच्या शेताच्या बांधावरचा शेजारी आहे. आमचे भांडण आहे ते न विचारण्याशी.

ही कसोटी लढ्याच्या आतही लागू आहे. सीमाभागात ‘आम्ही मराठी’ असे म्हणताना त्या ‘आम्ही’त कोण कोण बसते? मोर्चाच्या अग्रभागी चालणारी, लाठ्या खाणारी, तुरुंगात गेलेली आमची माताभगिनी समितीच्या बैठकीत किती वेळा बोलते? दलित वस्तीतला तरुण, घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारा मुसलमान, मराठी शाळेत मुलगी घालणारा कानडी मजूर यांना आम्ही काय सांगितले आहे? उद्या महाराष्ट्रात गेल्यावर तुमचे काय होईल, याचे उत्तर त्यांना आज मिळाले पाहिजे. स्वातंत्र्य आधी आणि समता मागाहून, असे अमेरिकेने ठरविले होते. तो ‘मागाहून’ शंभर-दीडशे वर्षे लांबला आणि त्याची किंमत यादवीत मोजावी लागली.

शेवटी पुन्हा सुरत. ज्या गावात मराठी भूमीचा सौदा झाला, त्या गावात आज उधना आणि लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातून गेलेली लाखो मराठी माणसे यंत्रमागावर आणि कापड बाजारात घाम गाळतात. तिथल्या महानगरपालिकेने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालविल्या. तिथला मराठी माणूस पोटासाठी स्वखुशीने गेला आहे. त्याचा आणि आमचा प्रश्न एक नव्हे, आणि शाळा मिळाली म्हणजे सीमाप्रश्न मिटला असेही नव्हे. पण जिथे स्वतःहून गेलेल्याच्या मुलालाही त्याच्या भाषेत धडा मिळू शकतो, तिथे पिढीजात आपल्या भूमीवर बसलेल्याला आपल्याच भाषेतल्या साताबाऱ्यासाठी अर्ज-विनंत्या का कराव्या लागाव्यात?

सुरतेचा तह कागदावर केव्हाच रद्द झाला. कलकत्त्याच्या इंग्रजांनीच तो नामंजूर केला आणि वर्षभरात पुरंदरचा दुसरा तह केला; साष्टी मात्र सोडली नाही. तह रद्द होतात, वृत्ती राहते. जेव्हा जेव्हा वरच्या दालनात बसलेली माणसे खालच्या माणसाला न विचारता त्याचे गाव, त्याची भाषा, त्याची उद्याची पिढी इकडून तिकडे सरकवितात, तेव्हा तेव्हा सुरतेचा तह पुन्हा होतो. तो पॅरिसला झाला, दिल्लीला झाला. आणि आम्ही सावध राहिलो नाही तर आमच्या हातूनही होईल. तो आमच्यावर होऊ न देणे हा आमचा हक्क आहे. तो आमच्याकडून दुसऱ्यावर होऊ न देणे हे आमचे कर्तव्य आहे. या दोहोंतले एकच ज्याला हवे आहे, त्याला स्वातंत्र्य नको आहे. त्याला फक्त राघोबाची जागा हवी आहे.